नियम न मोडलेला स्टॉल

पालिकेची विषयपत्रिका मागून वाचायची, हे मला बातमीदारीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले गेले. पुढच्या पानांवर चौकांना नावे देण्याचे, शोकप्रस्तावांचे आणि अभिनंदनाचे विषय असतात. मागच्या पानांवर जागा, ठेके आणि मुदतवाढी असतात. सगळ्यात शेवटी कुठल्याच पानावर न छापलेले विषय येतात, ते 'आयत्या वेळचे'. सभा संपत आली आणि सभासद घड्याळाकडे पाहू लागले की ते भरभर वाचले जातात. 'मान्य, मान्य' असा आवाज होतो आणि शहराची एखादी जागा हातची जाते. जो बातमीदार तोवर पत्रकार कक्षात चहाला गेला, त्याची बातमीही जाते.

दोन दशकांहून अधिक काळ मी हेच काम केले. नगरसेवकांना आम्ही आपसात 'माननीय' म्हणत असू. त्यात आदर किती, हे म्हणणाऱ्याच्या आवाजावरून समजून घ्यायचे. आमच्या वृत्तसंपादकांची दुसरी शिकवण अशी होती की राग आला तर विशेषण लिहायचे नाही, पत्ता लिहायचा. कुठे, काय, कोणाच्या सहीने. वाचकाला राग आपोआप येतो. वाचकाला राग येत नाही असे माझे नंतरचे निरीक्षण आहे. तरीही सवयीने पत्ताच लिहिते. माणसांची नावे मात्र बदलली आहेत.

पत्ता: नगर रस्ता, जकात नाक्याच्या अलीकडे, डाव्या हाताला, कडुनिंबाखाली. तिथे हवालदार लक्ष्मण ओव्हाळ यांचे झुणका-भाकर केंद्र होते.

नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. नव्वदच्या दशकात राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. अनुदान सरकारचे आणि जागा पालिकेची. आमच्याकडे काही स्टॉल माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी राखून ठेवले होते. गरिबाला जेवण आणि सैनिकाला रोजगार, एका पत्र्याखाली दोन्ही. योजना वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे ती गुंडाळताना 'मुळातच अव्यवहार्य' असा शेरा मारला गेला.

ओव्हाळांचा डावा पाय सीमेवर भूसुरुंगात गुडघ्याखाली गेला होता. कृत्रिम पायावर ते ताठ उभे राहत. घर जवळच, पालिकेच्या हद्दीत नुकत्याच आलेल्या गावातल्या बौद्ध वस्तीत. आजूबाजूच्या ज्वारीच्या शेतांत तेव्हा पहिल्या काचेच्या इमारती चढू लागल्या होत्या आणि 'सॉफ्टवेअर' हा शब्द माननीयांच्या भाषणांत आला होता. त्या इमारती बांधणारे गवंडी, बिगारी, डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका आणि जकातीच्या रांगेत अडकलेले ट्रकवाले दुपारी ओव्हाळांकडे जेवत. साइटवर दुसरी सोय नव्हती. दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या त्या माणसांचे रेशनकार्ड गावी होते. शहरात त्यांच्या नावावर सरकारी अन्न म्हणून जे काही होते, ते एवढेच.

योजनेचा आढावा लिहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा ओव्हाळांच्या पत्नी सुमनबाई भाकऱ्या थापत होत्या. हवालदार समोर तराजू घेऊन बसले होते आणि पिठाचा प्रत्येक गोळा तोलून त्यांच्या हाती देत होते.

"हे कशाला?" मी विचारले.

"ऑर्डरमधी भाकरीचं वजन दिलंय, मॅडम."

"कोणी तपासायला येतं का?"

"न्हाई."

"मग?"

"कुनी येत न्हाई म्हणून तर आपुन तोलायचं."

सुमनबाई परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "सासूनं कधी माझी भाकरी तोलली न्हाई. ह्यांनी तोलली."

बाकावरचा एक ट्रकवाला हसला. "फौजी, आज माझी जरा जड वाटते. परत घेणार का?"

"खा. फुडच्याची हलकी करनार न्हाई," ओव्हाळ म्हणाले.

पुढे अनुदान थांबले. एक रुपयाची अट गेली, पदार्थाची अट राहिली. म्हणजे दर परवडेल तो लावा, पण विकायचे झुणका-भाकरच. ओव्हाळांनी दर वाढवला. साइटवरच्या बायकांनी दोन दिवस तोंड वाकडे केले आणि मग पुन्हा येऊ लागल्या. शहरातल्या बाकीच्या केंद्रांनी मात्र तवा बदलला. कुठे वडापाव आला, कुठे चायनीज, कुठे झेरॉक्सचे यंत्र, तर कुठे मोबाइलचे रिचार्ज. मूळ धारकांपैकी किती जण स्वतः स्टॉलवर बसतात हे पाहायचे मी ठरवले, आणि राखीव स्टॉलच्या पत्त्यांवर एकेक करून गेले.

वारज्यात इंदूताई नावाच्या वीरपत्नी राहत. कारकिर्दीत मी अनेक अपमान पाहिले, पण त्यांचा अजून विसरता आलेला नाही. एका माननीयांच्या माणसाने त्यांच्याकडून कागदांवर सह्या घेतल्या होत्या. स्टॉल चालत नाही, पण तुमच्याकडे पाहून आम्ही तो कसाबसा ओढतो, असे त्यांना दर दिवाळीला सांगितले जाई. त्यांनी स्वतःचा स्टॉल कधी पाहिलाच नव्हता. मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. सदाशिव पेठेत, क्लासच्या पोरांनी गजबजलेल्या एका रस्त्यावर तो होता. कढई पेटलेली आणि पोरे तीन रांगांत उभी. वरच्या पाटीवर बारीक अक्षरांत इंदूताईंचे नाव होते.

"काय देऊ, मावशी?" गल्ल्यावरच्या माणसाने विचारले.

"ते नाव माझं आहे," त्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

त्याने एकदा पाटीकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. "बरं मग? नाव तुमचं, गॅस माझा. मंच्युरियन देऊ का?"

परतताना रिक्षात, कर्वे रस्ता संपत आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "गर्दी चांगली होती हो."

मी बातमी लिहिली. विशेषण एकही नाही, फक्त पत्ते. कोणाच्या नावाचा स्टॉल, कोण चालवतो, काय विकतो. शेवटच्या ओळीत हेही लिहिले की राखीव स्टॉलपैकी ठरलेला पदार्थ विकणारा आणि धारक स्वतः बसलेला मला एकच आढळला. तो नगर रस्त्यावरचा.

पालिकेने बातमीची 'गंभीर दखल' घेतली. गंभीर दखल म्हणजे फाइल तयार होते. ती कोणत्या दिशेने जाईल हे दखलीत लिहिलेले नसते. ही फाइल पुढच्या सर्वसाधारण सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून आली. मी चहाला गेले नव्हते. शहराची खाद्यसंस्कृती बदलत आहे, तरुण वर्गाची मागणी बदलत आहे, सबब ज्या केंद्रचालकांनी वापरात बदल केला आहे त्यांचा नियमभंग दंड आकारून नियमित करावा. मूळ योजना बंद झाल्याने उर्वरित केंद्रे काढून टाकावीत. मान्य, मान्य. वीरपत्नींच्या नावाने स्टॉल बळकावणाऱ्यांच्या हाती पक्का परवाना आला. माझ्या बातमीतल्या पत्त्यांची यादी त्यासाठी आयतीच मिळाली असावी.

आठवड्याभरात ओव्हाळांना नोटीस आली. 'सदर केंद्र विनापरवाना'. उर्वरित केंद्रे म्हणजे कोण, याचे उत्तर तेव्हा कळले. शहरात उर्वरित असे एकच होते.

ते नोटीस घेऊन पालिकेत आले आणि मी त्यांच्याबरोबर मालमत्ता खात्यात गेले. अधीक्षक जोगळेकर हे गृहस्थ पेठेतले, हुशार आणि कामाला चोख. त्यांनी ओव्हाळांना बसायला खुर्ची दिली, हे नोंदवले पाहिजे.

"काय बदल केलात?" त्यांनी विचारले.

"कशात, साहेब?"

"वापरात. वडापाव, चायनीज, झेरॉक्स... काय?"

"काईच न्हाई. झुणका-भाकरच हाय."

जोगळेकरांनी चष्मा काढला. "अहो, मग नियमित काय करायचं? हा अर्ज नियमभंग केलेल्यांसाठी आहे. तुमचा भंगच नाही."

"म्हंजे माझं बरोबर हाय."

"तुमचं बरोबर आहे, हीच तर अडचण आहे. चुकलं असतंत तर आत्ता सही केली असती."

मी मध्ये बोलले, ठरावातच दुरुस्ती का करत नाही म्हणून. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, एका माणसासाठी सभागृह दुरुस्ती करत नसतं. एका माननीयासाठी करतं. हे माननीय आहेत का?" मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी ओव्हाळांना सल्ला दिला. आवाजात खोट नव्हती. "असं करा. चार दिवस वडापाव लावा. मी निरीक्षक पाठवतो. तो पंचनामा करील. दंड भरा, पावती जोडा आणि या. मी स्वतः फाइल फिरवून देतो."

"लिहून काय द्यायचं?"

"छापील आहे. 'माझ्याकडून नियमभंग झाला आहे, तो मान्य आहे.' खाली सही."

ओव्हाळ तो कागद वाचत राहिले. मग म्हणाले, "साहेब, फौजेत गुन्हा केला की सर्व्हिसच्या कागदावर लाल शाईनं लिवत्यात. ती शाई जन्मभर जात न्हाई. माझ्या कागदावर लाल शाई न्हाई."

"इथं लाल शाई नसली तर फाइल पुढं सरकत नाही, हवालदार," जोगळेकर म्हणाले. "विचार करा. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते खरेच भल्याचे सांगत होते. मला आजवर सर्वांत जास्त संताप लाचखोरांचा आला नाही. लाच मागणाऱ्याला आपण चूक करतो आहोत हे माहीत असते. ज्या चांगल्या माणसाला सैनिकाकडून खोटा कबुलीजबाब लिहून घेणे ही मदत वाटते, त्याच्या खात्याचे काय करायचे, हे मला कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टॉलवर गेले तर तिथे भांडण चालू होते.

"तळा की चार वडे," सुमनबाई म्हणत होत्या. "कोन मरतंय? तुमची शाई सांभाळताना माझी चूल जाईल."

"खोटं लिवून देऊ?"

"खोटं कुठं? वडा खराच तळायचा. मंग सही बी खरीच हुईल."

सुमनबाईंचे बरोबर होते. पेन्शनमध्ये घर चालत नव्हते. मुलगी डी.एड.ला होती. स्टॉल गेला तर या वयात त्यांना साइटवर घमेली वाहावी लागली असती, कालपर्यंत ज्या बायकांना वाढले त्यांच्याच रांगेत. त्यांनी कोणाला न विचारता बटाट्यांची गोणी आणली आणि स्टॉलच्या कोपऱ्यात ठेवली. ओव्हाळांनी ती पाहिली, पण उचलून बाहेर ठेवली नाही. मला वाटले, मिटले.

जोगळेकरांनी शब्द पाळला. त्यांचा निरीक्षक आला. त्याला काय लिहायचे ते वरून सांगितलेले होते. फक्त एक वडा दिसायला हवा होता. तेल तापलेले होते. सुमनबाईंनी बेसन कालवून ठेवले होते. पुढचे मला निरीक्षकानेच सांगितले. ओव्हाळांनी गोणीकडे पाहिले, कढईखालचा स्टोव्ह बंद केला, एक गोळा तोलला आणि बायकोपुढे धरला. सुमनबाईंनी तो घेतला आणि थापला. निरीक्षकाला झुणका-भाकर वाढली गेली. तो जेवला, उठला आणि अहवालात त्याने लिहिले: 'वापरात कोणताही बदल आढळला नाही.' त्या खात्याच्या दप्तरात इतका खरा अहवाल दुसरा क्वचितच असेल. त्यानेच स्टॉल गेला.

मी पुन्हा लिहिले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कल्याण संघटकांनी स्वतः येऊन पालिकेला पत्र दिले. माजी सैनिकांच्या अडचणी घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवणे हेच त्यांचे काम. ते पत्र 'दप्तरी दाखल' झाले, म्हणजे न वाचता ठेवून दिले गेले. आयुक्तांनी सहानुभूतीपूर्वक विचार करू असे सांगितले. पालिकेत ज्या गोष्टीवर कोणीच सही करणार नसते तिला सहानुभूती म्हणतात. वाचकांची पत्रे मात्र खूप आली. हवालदारांच्या प्रामाणिकपणाला सलाम, अशी माणसे अस्तित्वात आहेत म्हणून देश टिकून आहे, वगैरे. त्यांतल्या एकाही पत्राची प्रत पालिकेला पाठवलेली नव्हती.

अतिक्रमण खात्याची गाडी भर दुपारी आली. बाकांवर माणसे जेवत होती. गाडीवरचे बिगारीही तिथलेच गिऱ्हाईक. त्या भागात कारवाई असली की ते ओव्हाळांकडेच जेवत. ते गाडीतून उतरले आणि कडुनिंबाखाली उभे राहिले. कोणी पुढे होईना. त्यांचा मुकादम ओव्हाळांकडे न पाहता म्हणाला, "हवालदार, आमचा बी नाइलाज हाय."

"आदी जेवा," ओव्हाळ म्हणाले. "पीठ मळलंय, ते वाया जायला नको."

ते जेवले. सुमनबाईंनी वाढले. मग त्या माणसांनी हात धुतले, पत्रे उचकटले, बाक, परात आणि चूल गाडीत चढवली. तराजू ओव्हाळांनी आधीच काखेत घेतला होता. मुकादमाने तो मागितला नाही. साइटवरच्या दोन बायका उशिरा आल्या. रिकामी जागा पाहून त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या आणि तशाच परत कामावर गेल्या. त्या दुपारी त्या जेवल्या की नाही, हे मला माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवे होते, त्यांनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याच पानावर पालिकेची प्रेसनोट लागली: 'नगर रस्त्यावरील अतिक्रमणे हटवली.' माझी बातमी जाहिरातीमुळे मागे पडली. जाहिरात त्याच रस्त्यावरच्या एका गृहप्रकल्पाची होती. कडुनिंब पुढे रुंदीकरणात गेला.

सुमनबाई साइटवर गेल्या. ओव्हाळांना एका आयटी कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाची नोकरी मिळाली. ती इमारत बांधणारे लोक त्यांच्या हातचे जेवलेले होते, हे तिथे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी एकदा तिथल्या पत्रकार परिषदेला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखले, पण माझी पर्स उघडून तपासली. "नियम हाय, मॅडम," म्हणाले. मला ते बरे वाटले.

काही वर्षांनी पालिकेने माजी सैनिकांचा भव्य सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. माझे निवृत्तीचे वर्ष होते. वृत्तसंपादक नवे होते. त्यांना फक्त फोटो हवा होता. निवेदिकेने ओव्हाळांचे नाव पुकारले. 'देशासाठी पाय गमावणारा हा वीर' म्हणाली. टाळ्या झाल्या. शाल मालमत्ता खात्याच्या नव्या उपायुक्तांनी त्यांच्या खांद्यावर घातली. त्यांना काही माहीत नव्हते आणि माहीत करून घेण्याची त्यांच्यावर सक्तीही नव्हती. खात्याला आठवण नसते. जे विसरायचे ते माणसांसह बदलीवर जाते.

जेवण 'अस्सल मराठमोळे' होते. झुणका, भाकरी, ठेचा. केटरर तोच, सदाशिव पेठेतला गॅसवाला. इंदूताईंच्या नावाच्या त्या स्टॉलपासून सुरुवात करून त्याने आता हॉटेले काढली होती. आयटीतली मंडळी शनिवारी त्याच्याकडे झुणका-भाकरीसाठी रांग लावत. इंदूताईही सत्काराला होत्या. त्या पलीकडच्या टेबलावर शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाढपी त्यांना ओळखत नव्हते.

मी ओव्हाळ दांपत्यासमोर बसले. हवालदारांनी ताटातली भाकरी उचलली आणि उजव्या तळहातावर ठेवली. हात हलकेच वर-खाली केला.

"कमी हाय," ते म्हणाले.

"सत्काराला आलाय. खावा गप," सुमनबाई म्हणाल्या.

ओव्हाळांनी भाकरी ताटात ठेवली आणि वाढप्याला हाक मारली. तो टोपली घेऊन लगबगीने आला. "काका, अजून एक देऊ का? भरपूर आहेत."

"दुसरी नको," ओव्हाळ म्हणाले. "हीच ठरल्या वजनाची आना."